फावडं मुलीच्या बापाकडे

डेन्व्हर शहर कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर वसलंय; पन्नासएक मीटर इकडेतिकडे. तिथून गाडीनं ब्रेकेनरिजच्या बाजूला निघालं, की स्कीच्या उतारावर पोचेपर्यंत माणूस आणखी जवळजवळ एक कळसूबाई चढलेला असतो. बुटाची नाडी बांधतानाही धाप लागते. अशा ठिकाणी शहाण्यानं बाकावर बसून डबा खावा. आमच्या विहीणबाई आणि आमची ही, दोघींनी तेच केलं. व्याही आणि मी मात्र जमीन खणायला गेलो.

कल्पना अर्थात व्याह्यांची. मूळचे रावेरचे, नोकरी सगळी कोषागारात. लेकानं वाढदिवसाला मेटल डिटेक्टर घेऊन दिला आणि निवृत्त माणूस पुन्हा कामावर रुजू झाला. डेन्व्हरच्या त्या घरात पोळ्या जावई लाटतो, घराचा हप्ता माझी मुलगी भरते. पण व्याह्यांनी ‘चला’ म्हटल्यावर मुलीच्या बापानं ‘कुठं?’ विचारायचं नसतं, हा कायदा विमानातून आमच्याबरोबर आला होता. त्यामुळे यंत्र त्यांच्या हातात, फावडं माझ्या.

हिवाळ्यात या डोंगरांवर तीनशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. त्यात नाणं पडलं, की गेलं. जूनमध्ये बर्फ वितळतो, तेव्हा मोसमभराचा सांडलेला ऐवज गवतावर अलगद उतरतो आणि हळूहळू मातीत रुतत जातो. तो नेमका कुठं शोधायचा, याचा व्याह्यांनी अभ्यास केला होता. “पट्टीचे लोक काही सांडत नाहीत,” ते म्हणाले. “नवशिके कुठं पडतात ते बघायचं.” म्हणजे ज्या सौम्य उतारावर पहिल्या दिवशी माणसं उलटीपालटी होतात, खिसे उताणे होतात आणि स्वतःचा डावा पाय कुठला हेच सापडत नसल्यानं चिल्लर शोधायला कोणी थांबत नाही, तिथं.

दुसरी जागा लिफ्टखालची. वर पाळण्यात बसलेला माणूस फोन काढायला हातमोजा ओढतो. थंडीनं बोटं बारीक झालेली असतात. मोज्याबरोबर अंगठीही निघते आणि खाली पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही. लग्न काही फुटांवर बर्फात गेलेलं त्याला रात्री जेवताना कळतं. ही खुर्चीची लिफ्ट जगात पहिल्यांदा १९३६ साली आयडाहोतल्या सन व्हॅलीत बसली. युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन या इंजिनिअरला ती सुचली, जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून. घडाच्या आकड्याजागी खुर्ची लावली, खुर्चीत माणूस. हे ऐकवल्यावर व्याह्यांनी मान वर करून तारेकडे बराच वेळ पाहिलं. “केळ्यानं काय काय केलंय बघा जगात,” ते म्हणाले. रावेरच्या माणसाचा जगातल्या प्रत्येक केळ्यात हिस्सा असतो.

इथले बहुतेक स्कीचे उतार राष्ट्रीय वनाच्या जमिनीवर आहेत, म्हणून आधी परवानगी. ती लेखी होती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दोन झेरॉक्सांसह. अटी तीन: खड्डा बुजवायचा, दागिना मिळाला तर कार्यालयात द्यायचा, जुन्या खाणींच्या अवशेषांना हात लावायचा नाही. तिसरी अट उगाच नाही. १८५९ पासून लोक या डोंगरांत सोन्यासाठीच आले. १८८७ साली टॉम ग्रोव्ह्ज आणि हॅरी लिटन या दोघांना इथं तेरा पौंडांहून जड सोन्याचा गोळा मिळाला. टॉमनं तो तान्ह्या बाळासारखा दुपट्यात गुंडाळून गावात मिरवला, म्हणून त्याचं नाव पडलं ‘टॉम्स बेबी’. आता लोक तिकीट काढून त्याच डोंगरात सोनं टाकून जातात.

यंत्राचं तत्त्व सोपं. तबकडीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत वीज फिरते, यंत्र ओरडतं. गोम अशी, की सोन्याची अंगठी आणि बिअरच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी यांचा आवाज जवळपास सारखा. साठ-सत्तरच्या दशकांत ही कडी ओढून सुटी निघायची आणि अमेरिकन माणूस ती मोकळ्या मनानं फेकायचा. कडी गाळायची सोय यंत्रात आहे, पण कडीबरोबर अंगठीही गाळली जाते. “गाळायचं काही नाही,” व्याह्यांनी निकाल दिला, “खणा.” मी एका पिढीनं प्यायलेली बिअर खणत राहिलो.

दम खायला बसलो, तर ते म्हणाले, “१८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल स्वतः असं यंत्र घेऊन गेले होते. पलंगाच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात. पण बेल बसले का?”

“गारफिल्ड वारले ना पण?”

“तो भाग वेगळा.”

नाणी निघाली. प्रत्येक क्वार्टर थुंकीनं पुसून व्याही साल बघायचे, कारण १९६४ पर्यंतच्या नाण्यात नव्वद टक्के चांदी असते. आमची सगळी त्यानंतरची. एक सेंटची नाणी तर १९८२ पासून आतून जस्ताची. मातीनं त्यांच्या कडा कुरतडून टाकल्या होत्या. व्याह्यांनी तीही वहीत लिहिली, ‘फाटकी’ या सदराखाली.

दुपारी नवशिक्यांच्या उतारावर यंत्र पुन्हा कडीसारखं ओरडलं. मी गवताचं ढेकूळ उलटवलं आणि सवयीनं कचऱ्याच्या पिशवीकडे हात नेला, तर व्याह्यांनी मनगट धरलं. अंगठी होती. आत लग्नाची तारीख कोरलेली. त्यांनी ती रुमालात बांधली, मी खड्डा बुजवला.

कार्यालयातल्या पोरीनं अंगठी पाकिटात घातली, गोड हसून आभार मानले. व्याही जागचे हलेनात.

“रिसीट?”

तशी पद्धत नाही, ती म्हणाली. व्याह्यांनी वही काढली, कार्बन घातला आणि सुवाच्य मराठीत लिहिलं: एक नग पिवळ्या धातूची अंगठी, आतील बाजूस इंग्रजी तारीख, सुस्थितीत, समक्ष जमा. सोनं असं लिहायला कसोटी कुठं लावली होती? पोरीनं खाली सही केली, शेजारी हसरा चेहराही काढला. व्याह्यांनी त्याकडे नापसंतीनं पाहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

“तुम्ही साक्षीदार. नावापुढे कंसात लिहा, मुलीचे वडील.”