शेवटी 'नीस' लागतं, एवढंच सांगते

अहो, ऐकलंत का? जरा अशा कुंपणापाशी या. मोठ्यानं नको, त्यांची खिडकी उघडी आहे. परवा हळदीकुंकवातून तुम्ही लवकर निघालात आणि खरी मजा चुकवलीत बघा!

त्या बाई... नाव नाही घेत हं मी, पण आडनावाच्या शेवटी 'नीस' लागतं, एवढंच सांगते. त्यांच्या सुनेनं नाव बदललं नाही हे तर अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, सगळ्यांचे मोबाइल वर, आणि नवऱ्या मुलानं अंगठीनं काय लिहिलं, तर तिचं माहेरचंच नाव! सासूबाईंचा त्या वेळचा चेहरा फोटोत आलाय. अल्बममधून काढायला लावला म्हणे.

तर काय सांगत होते, परवा. वाण लुटून झालं, आणि सासूबाईंनी विषय काढलाच. "आमचं घराणं केवढं जुनं, आडनाव अस्सल मराठी, आणि हिला ते नको!" सून तिथंच गुलाबपाणी शिंपडत होती. हसून म्हणाली, "आई, तो 'नीस' फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणीस पत्रं लिहायचा, पारसनीस फारसी कागद बघायचा. तो हुद्दा होता, पुढे आडनाव झालं." बाईंच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला हो! त्यात समोरच्या आजी, त्यांना कुठं थांबायचं कळतच नाही, म्हणाल्या, "नाना फडणवीस तरी कुठे फडणवीस? ते भानू. आणि पेशवे भट." झालं! कोणी चमच्याकडे बघतंय, कोणी पंख्याकडे.

पण खरंच आहे ना? आपण आडनावाचा एवढा तोरा मिरवतो, आणि मुळाशी जावं तर कोणाची नोकरी निघते, नाही तर कोणाचं गाव. होळ गावचे ते होळकर. आणि मंगेशकर? दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळात अभिषेक करायचे, म्हणून अभिषेकी. मुलानं गावाचं नाव लावलं आणि मंगेशकर झाला. लताबाईसुद्धा पाळण्यात हेमा होत्या. 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून लता झाल्या. आता सांगा, काय अडलं? पारशांचं तर विचारूच नका. क्रिकेटर फारूख इंजिनियर, नरी काँट्रॅक्टर... धंदा सरळ पाटीवर!

मला सगळ्यात गोड वाटतात ते आपले कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे ज्यू हो. रायगडातल्या गावांची नावं लावली त्यांनी. पेणकर, रोहेकर, किहीमचे ते केहीमकर. पुढे बरेचसे इस्रायलला गेले, पण पेण आणि रोहा नावात तसंच राहिलं.

आणि तुर्कस्तानात म्हणे 1934 चा कायदा येईपर्यंत बहुतेकांना आडनावच नव्हतं! सरकारनं सांगितलं, घ्या एकेक. त्यांच्या नेत्याला, केमाल पाशाला, संसदेनं 'अतातुर्क' दिलं, आणि वर बाकी कोणी ते लावायचं नाही असंही ठरवलं. ह्याला म्हणतात मान.

अहो, पण त्या सुनेनं आइसलंडचं सांगितलं ना, तेव्हा माझा चहा गार झाला. तिचा भाऊ तिकडे असतो. तिथं एका घरात चार माणसं आणि नावाच्या शेवटी चार वेगवेगळे शब्द! समजा बापाचं नाव योन. मुलगा योनसन, मुलगी योनस्दोत्तिर. दोत्तिर म्हणजे लेक. बायको तिच्या बापाची लेक ती लेकच, लग्नानं काही बदलत नाही. आणि योन स्वतः त्याच्या बापाचा सन. हवं तर आईचं नाव लावा, तेही चालतं. फोनची डिरेक्टरी पहिल्या नावानं असायची. 1980 मध्ये बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या, विग्दिस फिन्बोगादोत्तिर, त्यांनाही सगळे विग्दिसच म्हणायचे. म्हणजे बघा... जाऊ दे, आपल्या सरपंचांना कोणी नुसत्या नावानं हाक मारून दाखवावी.

पण तिथंही भानगडी आहेतच हं! पहिलं नाव यादीतलं नसलं तर कमिटीकडून पास करून घ्यायचं. एका मुलीचं नाव ब्लायर ठेवलं, तर म्हणे व्याकरणात हा शब्द पुल्लिंगी, चालणार नाही. पोरीच्या कागदांवर काय, तर 'मुलगी'! 2013 मध्ये कोर्टानं नाव दिलं तेव्हा ती पंधरा वर्षांची झाली होती. आणि जपानात नवरा-बायकोचं आडनाव एकच हवं असा कायदाच आहे. कोणाचंही घ्या म्हणतात, पण घेते बहुतेक बाईच. बायका कोर्टात गेल्या, 2015 ला हरल्या, 2021 ला पुन्हा हरल्या.

आपल्याकडे काय वेगळं होतं म्हणा. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. यमुनेचं पुढे काय झालं, कोणी विचारलं का?

हां, तर काय सांगत होते... सासूबाईंनी शेवटचा बाण काढला, "उद्या मूल झालं की काय लावणार?" सून म्हणाली, "सरकारनं सोडवलंय की!" मार्च 2024 चा आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाचा निर्णय नाही का? 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बाई गप्पच झाल्या. लग्न झालेल्या बायकांची रीत मात्र तशीच ठेवली हं, नवऱ्याचं नाव आणि आडनाव. मला विचाराल तर तिथं हात आखडला सरकारनं.

बरं, तुमच्या लेकीचे दिवस भरत आलेत ना? जन्मदाखला आला की जावईबापूंच्या हातातून आधी तुम्ही घ्या, चष्मा लावा, आणि तिचं नाव वडिलांच्या आधी लागलंय का ते नीट बघून घ्या.