टाकी रिकामी करून शर्यतीला

बजबजला हुगळीकाठी पेट्रोलियमच्या टाक्यांची रांग आहे, रेसट्रॅक मात्र नाही. त्यामुळे इथल्या हौशी रेसरची शर्यत हावड्याच्या रेल्वे पार्सल ऑफिसात सुरू होते. नियम कडक: बाइक गाडीत चढवायची तर टाकी कोरडीठाक हवी. पेट्रोलच्या गावचा गडी पेट्रोल ओतून टाकून सोळाशे किलोमीटर लांबच्या चेन्नईला निघतो.

तिथे इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पावणेचार किलोमीटरचा. सहा फेऱ्या, म्हणजे जेमतेम बावीस किलोमीटर! त्याआधी तपासनीस गुडघे टेकून इंजिनाखाली डोकावणार. ऑइलचा बोल्ट तारेने जखडलाय का? आरसे, स्टँड काढले का? हेल्मेटवरचा शिक्का कुठाय? मुलगी बघायला आलेले लोकही इतकं बारकाईनं बघत नाहीत.

बावीस किलोमीटरांसाठी एवढी यातायात कशाला, असं शेजारी विचारतात. घराजवळ सात किलोमीटरांचा संप्रीती उड्डाणपूल आहेच की, २०१९ पासून! तिथे ना फी, ना तपासणी. आणि तिथे बाइक पळवणाऱ्या पोरांच्या डोक्याकडे पाहिलं, तर हेल्मेटचीही सक्ती दिसत नाही.