सहांतला एक

२९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाची शेवटची बैठक झाली आणि तीत औरंगाबादचं संभाजीनगर करण्याचा निर्णय झाला. शिवसेनेची ही मागणी तीन दशकांहून जुनी. ती मार्गी लागली तेव्हा या जिल्ह्यातले सेनेचे सहापैकी पाच आमदार एकनाथ शिंदे यांच्या तंबूत होते: पैठणचे भुमरे, सिल्लोडचे सत्तार, वैजापूरचे बोरनारे, शहरातले शिरसाट आणि जैस्वाल. जिल्ह्याला नाव दिलं तेव्हा जिल्हाच हातचा गेला होता. उरले एकटे कन्नडचे उदयसिंग राजपूत. बंडखोरांसारखं झाडी आणि डोंगर बघायला सुरतेमार्गे आसामात जाण्याची गरज त्यांना वाटली नसावी. गौताळ्याचं जंगल घराशेजारीच आहे.

या पडझडीची लोकप्रिय कथा अशी, की निष्ठावंत थांबले आणि उपरे पळाले. आपल्या जिल्ह्यापुरती तरी ती टिकत नाही. गेलेले भुमरे सेनेचे पाच वेळचे आमदार, शिरसाट तीन वेळचे. थांबलेले राजपूत २०१४ ला राष्ट्रवादीच्या तिकिटावर लढले होते. कथेत चपखल बसतात ते एकटे सत्तार, २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमधून आलेले. म्हणजे पाहुणा ओसरीवर बसून राहिला आणि घरातले वडीलधारे सामान बांधून निघाले. याचा अर्थ मला एवढाच लागतो, की नव्याची अपेक्षाच बेताची असते, पण जुन्याला बंद दार जिव्हारी लागतं. मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्याची दारं आम्हाला बंद होती, ही शिरसाटांनी ठाकरेंना लिहिलेल्या गाजलेल्या पत्रातली मुख्य तक्रार. पत्रात हिंदुत्व आणि अयोध्येचा मुद्दाही आहे; पण जास्त ठसतो तो ताटकळत बसवल्याचा राग. पाठिंबा सुरतेच्या वाटेवर एका रात्रीत गेला नाही. तो दोन वर्षं सात महिने थोडाथोडा झिरपत होता.

कोणी म्हणेल, त्यात करोना होता, मग नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाकरेंच्या मानेची शस्त्रक्रिया झाली. माणसाने भेटायचं कधी? खरं आहे, आणि त्या काळात शांत सुरात बोलणारा मुख्यमंत्री जनतेला आवडलाही होता. पण आमदार म्हणजे जनता नव्हे. जनतेला फेसबुकवर धीर दिलेला चालतो, आमदाराला कागदावर सही लागते. जळालेला डीपी, अडलेला पाणंद रस्ता, कोणाची तरी बदली, यांना फेसबुक लाइव्हवरून उत्तर देता येत नाही. साऱ्या राज्याचे कुटुंबप्रमुख होण्याच्या नादात स्वतःच्या कुटुंबाची हजेरी घ्यायची राहिली.

दुसरा आक्षेप खोक्यांचा आणि ईडीचा. ज्यांच्याकडे पुरावे आहेत त्यांनी ते मांडावेत. आमिष आणि धाक राजकारणात नवे नाहीत, पण ५५ पैकी ४० जण जातात तेव्हा सगळं श्रेय नेणाऱ्याला देणं म्हणजे त्याचं फुकट कौतुक आहे. शिवाय भुमरे ठाकरे सरकारात कॅबिनेट मंत्री होते, सत्तार राज्यमंत्री. मंत्रिपद हाती असलेलेही उठून गेले.

पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचं चुकल्याचं सांगितलं, पण ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने त्यांना परत बसवता येत नाही, असंही सांगितलं. आमदार वाट पाहून कंटाळले आणि निघाले. न्यायालयाची वेळ आली तेव्हा ठाकरेच आधी उठून गेले होते.

राहिला प्रश्न निष्ठेच्या बक्षिसाचा. २०१९ ला धनुष्यबाणावर निवडून आलेले राजपूत २०२४ ला ठाकरे गटाची मशाल घेऊन उभे राहिले, कारण बाण एव्हाना शिंदेंच्या भात्यात होता. कन्नडकरांनी तो बाण निवडला. तो हाती असलेल्या संजना जाधव या भाजपच्या रावसाहेब दानवेंच्या कन्या. दुसरे आले हर्षवर्धन जाधव, जे आधी मनसेचे, मग सेनेचे आमदार होते आणि आता अपक्ष उभे होते. जिल्ह्यात एकट्याने थांबलेले राजपूत तिसरे.