जुनी वेगवान सेडान : निवड, खरेदी आणि निगा

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारे, पाच जणांची बैठक, लग्नाचे सामान मावेल एवढी डिकी आणि या सगळ्याशी काडीचाही संबंध नसलेले इंजिन एकत्र आणलेले वाहन. उभी असताना ती बँकेच्या शाखाधिकाऱ्याची वाटते आणि सुटली की त्याच बँकेवर दरोडा घालून निघालेल्याची. यात अतिशयोक्ती नाही. १९५९ साली आलेली जग्वार मार्क २ ब्रिटनमध्ये पोलिस आणि दरोडेखोर या दोन्ही पक्षांची लाडकी होती. १९९० साली लोटसने कार्लटन या कुटुंबवत्सल गाडीत ३७७ अश्वशक्तीचे इंजिन बसवले, तेव्हा ताशी २८० किलोमीटरच्या आसपास जाणारी गाडी बाजारात हवीच कशाला, अशी ओरड वर्तमानपत्रांपासून संसदेपर्यंत झाली. ओरडणाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. त्यातली एक गाडी १९९३ मध्ये चोरीला गेली, चोर तीच घेऊन रात्री दुकाने फोडत राहिले आणि पोलिसांच्या गाड्यांना ती गाठता आली नाही.

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली जर्मनांनी. १९८५ मध्ये बीएमडब्ल्यूने एम१ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा वंशज साध्या ५ सिरीजच्या पोटात घातला आणि २८६ अश्वशक्तीची एम५ जन्माला आली. बाहेरून फरक जवळपास नाहीच. शेजाऱ्याला कळू नये आणि तरीही मालकाला रात्री झोप लागू नये, हा या वाहनवर्गाचा मूळ हेतू आजही टिकून आहे.

महाराष्ट्रात हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला तो ऑक्टाव्हियाने. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला ही गाडी जोडायला सुरुवात केली. त्यानंतर आलेल्या तिच्या ‘आरएस’ अवतारात १.८ लिटरचे टर्बो इंजिन होते. युरोपात त्याची ताकद १८० अश्वशक्ती, आपल्याकडे १५०. पुढची पिढी आली तेव्हा जुनी ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती, म्हणून नव्या बाळाचे बारसे ‘लॉरा’ असे झाले. तिची आरएस आवृत्ती २०११ ची, १६० अश्वशक्तीची. २०१७ मध्ये मात्र स्कोडाने संकोच सोडला आणि दोन लिटरची, २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आणली. शून्यापासून शंभरापर्यंत ६.८ सेकंद, कमाल वेग ताशी २५० किलोमीटर. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या, प्रत्येकी ३५ लाख ९९ हजारांना. शोरूममध्ये एवढे पैसे मोजणे ज्यांना जमले नाही किंवा घरी सांगता आले नाही, त्यांच्यासाठी सेकंडहँड बाजार आहे.

या बाजाराचे अर्थशास्त्र सोपे आहे, आणि ते समजूनही कोणी त्याप्रमाणे वागत नाही. मोठ्या जर्मन गाड्यांचा भाव दहा वर्षांत असा कोसळतो, की एकेकाळी कोटीच्या घरातली एम५ नव्या एसयूव्हीच्या पैशात दारात उभी राहते. खरेदीदार हिशेब इथेच थांबवतो. गाडी म्हातारी होते. तिचे सुटे भाग मात्र नेहमी नवेच जन्मतात आणि नव्याच्याच भावाने विकले जातात. २००५ मध्ये आलेल्या व्ही१० इंजिनाच्या एम५चे उदाहरण पाहावे. पाच लिटर, ५०७ अश्वशक्ती, आवाज असा की ऐकणाऱ्याने कर्ज काढावे. या इंजिनाला एका वेळी नऊ लिटरच्या वर तेल लागते, तेही १०डब्ल्यू-६० या खास प्रतीचे. दहा सिलिंडरना दहा स्पार्क प्लग आणि दहा स्वतंत्र थ्रॉटल. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे झिजण्याची ख्याती जगभर. ही बेअरिंगे आवाज करू लागण्याआधीच बदलावी लागतात, म्हणजे काहीही बिघडलेले नसताना इंजिन खालून उघडावे लागते. असल्या खर्चाचे कारण घरात समजावून सांगणे कोणालाही साधलेले नाही. ऑक्टाव्हिया आरएस त्या मानाने गरिबाघरची लेक. ती मोजक्याच संख्येने आल्यामुळे तिचा भावही फारसा पडत नाही, आणि हे विकणाऱ्याला खरेदीदाराच्या आधी ठाऊक असते.

जाहिरातीत ही गाडी नेहमी ‘सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन’ असते. डॉक्टर गाडी हळू चालवतात ही समजूत कुठून आली कळत नाही, पण एमएच-१२ पासून एमएच-०९ पर्यंत ती पक्की आहे. ‘कंपनी मेंटेन्ड’ म्हणजे वॉरंटी होती तोवर. ‘एक रुपयाचे काम नाही’ हे अक्षरशः खरे असते. जे काम असते ते लाखात असते. विक्रीचे कारण ‘परदेशी जात असल्यामुळे’ किंवा ‘फॅमिली मोठी झाल्यामुळे’, यापैकी एक. गिअरबॉक्स झटके देत असल्यामुळे गाडी विकली, असे आजवर एकाही जाहिरातीत छापून आलेले नाही.

गाडी पाहायला जायचे ते इंजिन थंड असताना. ‘तुम्ही येणार म्हणून आत्ताच धुऊन आणली’ असे मालक म्हणाला, की आधी बॉनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले, तर थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येते ते आपल्याला ऐकवायचे नाही, असा अर्थ. लॉराच्या १.८ टीएसआयमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर सैल पडला असेल, तर सकाळच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होते आणि मग सगळे शांत होते. ती दुर्लक्षिली तर चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भेटतात. २३० अश्वशक्तीच्या आरएसमध्ये नजर जावी ती कूलंटच्या बाटलीकडे. पाणी ‘मिन’च्या खाली आहे, आणि टॉर्च मारल्यावर इनटेकखाली गुलाबी रंगाची वाळलेली पापडी दिसते आहे, म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट यांचे सामायिक प्लॅस्टिकचे घर गळते आहे. ते नेमके इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवलेले असते, त्यामुळे हात तिथवर पोचवण्याची मजुरी पार्टाच्या किमतीला टक्कर देते.

रंगाची जाडी मोजायला छोटे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. दुप्पट आकडा आला तर रंग पुन्हा मारलेला, हजाराच्या पुढे गेला तर खाली पुट्टी. दाराचे रबर ओढून पिलरवरचे स्पॉट वेल्ड पाहावेत. ठोकलेली गाडी तिथे खोटे बोलू शकत नाही. मीटर मागे फिरवलेला आहे की नाही ते स्कॅनरने तपासावे, कारण किलोमीटरची नोंद गाडीतल्या इतर कंट्रोल युनिटांतही राहते आणि मीटर फिरवणारे सगळीकडे जाण्याचे कष्ट घेत नाहीत. टायर पाहायला यंत्र लागत नाही. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे असले तर मालक शौकीन. चार चाकांना चार कंपन्यांचे असले, तर मालकाला ही गाडी कधीच परवडत नव्हती, आणि त्याने टायरवर जे वाचवले ते इंजिन ऑइलवरही वाचवले असणार. बाकी सगळी तपासणी सोडून एवढे एकच पाहिले तरी निम्मे काम होते.

टेस्ट ड्राइव्हला तिघे जातात : खरेदीदार, त्याचा मित्र आणि मेकॅनिक. मेकॅनिक मागे बसून सस्पेन्शनचा आवाज ऐकतो. मित्र स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढतो. खरेदीदार स्टिअरिंगवरच्या लाल अक्षरांकडे पाहत असतो. तिघांपैकी निर्णयाचा अधिकार ज्याला आहे, त्यालाच त्या वेळी काही ऐकू येत नसते. घरच्यांसाठी ५९० लिटरची डिकी हा मुद्दा पुढे केला जातो आणि बहुधा तोच कामी येतो.

मग कागदपत्रे. विकणाऱ्याने फॉर्म २९, घेणाऱ्याने फॉर्म ३०, कर्ज फिटले असल्यास फॉर्म ३५, गाडी परराज्यातली असल्यास तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षे झाली, की तिथे तिचे काही खरे नसते आणि ती दक्षिणेकडे तोंड करते. पण बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. मूळ राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. ती वाचायला छान आहे.

विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही. नो क्लेम बोनस तर माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो जुना मालक बरोबर घेऊन जातो.

आता वापर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटरचा आहे आणि त्यावर मोटारीला मर्यादा ताशी १००, घाटात त्याहून कमी. आरएस ६.८ सेकंदांत, म्हणजे शे-सव्वाशे मीटरच्या आत शंभरावर पोचते. एवढे अंतर ती सगळ्यांच्या पुढे असते. उरलेले ९४ किलोमीटर कॅमेऱ्यांच्या साक्षीने वॅगन आरच्या मागेपुढे कापायचे असतात. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची आहे, त्यामुळे हा आनंद दोन-तीन सेकंदांनी लांबतो. कोणी म्हणेल, मग एवढ्या ताकदीचा उपयोग काय? उपयोग ओव्हरटेकिंगला आहे. ट्रक ओलांडताना जो क्षण इतर गाड्यांत देवाच्या भरवशावर जातो, तो इथे उजव्या पायाच्या भरवशावर जातो, आणि ही सोय लहान नाही.

शहरात मात्र या गाडीची गाठ स्पीडब्रेकरशी असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गोलसर स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता यावा. २२५/४५ मापाच्या टायरची रबरी भिंतही बरोबर १० सेंटिमीटरची. कागदावर ही बरोबरीची लढत आहे. प्रत्यक्षात सोसायटीच्या कमिटीने ठराव करून घातलेला ब्रेकर रुंदीला दीड वीत आणि उंचीला कमिटीच्या रागाएवढा असतो. त्यावर गाडी तिरकी घालून एकेक चाक उतरवावे लागते. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतो, पुढच्या बंपरची खालची कडा हळूच खर्र करते आणि मालक डोळे मिटतो. २३० अश्वशक्तीची गाडी रिक्षाची वाट अडवून उभी राहते, असे दृश्य पुण्यात रोज कुठे ना कुठे पाहायला मिळते.

पेट्रोलचे म्हणाल तर शहराच्या गर्दीत लिटरला दोन आकडी किलोमीटर दिसले, की मालक डिस्प्लेचा फोटो काढतो. पंपावरचे साधे पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचे आहे आणि २०२३ च्या आधीच्या गाड्या त्या हिशेबाने बनवलेल्या नाहीत. म्हणून हळवे मालक १०० ऑक्टेनचे पेट्रोल शोधत फिरतात. ते साध्याच्या साधारण दीडपट भावाने मिळते, आणि ज्या मोजक्या पंपांवर मिळते तिथे पोचेपर्यंत बरेचसे जळलेले असते.

खरी निगा गॅरेजमध्ये ठरते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कॉफी चांगली मिळते, एस्टिमेट वाचताना ती लागते. म्हणून काही काळाने प्रत्येक मालक त्या माणसापर्यंत पोचतो, ज्याने सर्व्हिस सेंटरची नोकरी सोडून भोसरीला किंवा धायरीला पत्र्याची शेड टाकलेली असते. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्यात ग्रीसचे बोळे. तो आधी जुन्या मेकॅनिकला नावे ठेवतो, मग गाडीची तारीफ करतो, मग ‘पार्ट बाहेरून यायचाय, दादा’ म्हणतो. त्याचे ऐकावे. २३० अश्वशक्तीच्या आरएसमध्ये सहा गिअरचा, तेलात बुडलेल्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. तो कोरड्या क्लचच्या सात गिअरवाल्यापेक्षा दणकट, पण दर ६०,००० किलोमीटरला त्याचे तेल आणि फिल्टर बदललाच पाहिजे. जुन्या मालकाने ते बदलले होते का, याचा पुरावा बिल. तोंडी आश्वासनावर गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक युनिट चालत नाही.

याच शेडमध्ये मालकाला ‘स्टेज १’ची दीक्षा मिळते. लॅपटॉप जोडून इंजिनाचा प्रोग्रॅम बदलला, की २३० चे पावणेतीनशेच्या पुढे जातात, तेही नट-बोल्ट न हलवता. काम तासाभराचे. वॉरंटी जाते, विमा कंपनीला कळवले नाही तर दावाही अडकू शकतो आणि क्लचचे आयुष्य कमी होते. एक्स्प्रेसवेवरची मर्यादा १००च राहते.

यथाकाल गाडी विकायची वेळ येते. प्रोग्रॅम मूळपदावर आणला जातो, बंपरची कडा रंगवली जाते, चारही टायर पाहून एक उसासा सोडला जातो. व्यवहार ठरला की विकणाऱ्याने फॉर्म २९ ची सही केलेली आणि आरटीओची पोच असलेली प्रत स्वतःकडे ठेवावी. राज्यातल्या राज्यात ही सूचना चौदा दिवसांत द्यायची असते. नवा मालक नाव बदलून घ्यायला महिना-दोन महिने लावतो, आणि तोवर ई-चलान जुन्याच मोबाइलवर येत राहतात : खालापूर, ताशी १३१, उर्से, ताशी १३८. फोटोत गाडी स्पष्ट दिसते. दंडाची तक्रार ऑनलाइन करता येते, त्यासाठी ती प्रत, विक्रीचा करार आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती जोडावी लागते.