तांब्याचे चाळे आणि घाटातला धूर

काय दिवस आलेत बघा! शनिवारी सकाळी पूर्वीच्या अमृतांजन पुलापासून लोणावळ्यापर्यंत गाड्यांची रांग, काचा वर, एसी चालू, आणि आत गप्पा कसल्या? तर म्हणे आता या धुराचंच इंधन होणार! दोन पत्रे पाण्यात बुडवायचे, वीज सोडायची, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे द्यायचे, की भरली टाकी. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर कणीस खातानाही माणसांना कॅथोड, म्हणजे त्यातला ऋण पत्रा, सुचायला लागलाय.

आणि या कॅथोडच्या पाटावर कोण बसतं, त्याच्या भानगडी तर विचारूच नका. सोनं-चांदी घरंदाज. कार्बन मोनॉक्साइड करून देतात, पुढे पाऊल टाकत नाहीत. कथील आणि बिस्मथ फॉर्मेटवर समाधानी. प्लॅटिनमचा तोरा सगळ्यांत मोठा आणि उजेड सगळ्यांत कमी! कार्बन मोनॉक्साइड अंगाला असा चिकटवून घेतो की पुढचं कामच खोळंबतं. मग पाणी फोडून हायड्रोजन सोडत बसतो.

पण खरी बोंब आहे ती तांब्याची. ज्या धातूच्या पळीनं पिढ्यान्‌पिढ्या आचमन केलं, ज्याची भांडी पुण्याच्या तांबट आळीत ठोके देऊन घडली, तो चक्क मद्यार्क गाळतो हो! 1985 च्या सुमारास जपानच्या चिबा विद्यापीठातल्या योशिओ होरींनी हे प्रकरण उजेडात आणलं: तांब्यावर मिथेन निघतो, इथिलीनही निघतो. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी मोजदाद केली, तर एकाच तांब्याकडून सोळा पदार्थ. सोळा! इथेनॉल त्यातलंच एक.

कारण ऐका. तांबं कार्बन मोनॉक्साइडला चांदीसारखं चटकन सोडत नाही आणि प्लॅटिनमसारखं कवटाळतही नाही. तेवढ्या वेळात शेजारचे दोन रेणू जुळतात, कार्बनला कार्बन लागतो. शुद्ध धातूंमध्ये हे इतकं चांगलं कुणालाच जमत नाही. पण सोळा जणांचा संसार म्हटल्यावर वेगळं काढणं आलं. त्यात वीज चालू असताना तांब्याचा पृष्ठभाग स्वतःच रूप बदलतो. अल्कलीच्या द्रावणात निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनेट होऊन बसतं, क्षार साचून इलेक्ट्रोडची छिद्रं बुजतात. समोरच्या ॲनोडकडे तर कुणी बघतच नाही. तो बिचारा ऑक्सिजन सोडत असतो आणि आम्लात टिकायचा तर त्याला इरिडियमसारखा दुर्मीळ धातू लागतो.

आता पैशाचं बोलू, कारण चर्चेत तेवढंच कुणी बोलत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण 6 युनिट. हे पत्र्यांचं पात्र तीन व्होल्टला चालवलं आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरलं, तरी ते करायला सोळा-सतरा युनिट वीज जाते. निम्मे इलेक्ट्रॉन इतर उद्योगांत रमले, की आकडा दुप्पट. आणि ती वीज कोळशाची असेल, तर धूर निवारण्यासाठी धूर काढायचा! शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड दहा हजार भागांत जेमतेम चार भाग. घाटातली हवा कितीही कोंदट वाटली, तरी पात्राला सिमेंटच्या किंवा पोलादाच्या कारखान्याचं धुराडंच परवडतं.

म्हणजे सगळं थोतांड का? छे. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 2022 मध्ये कार्बन पकडून वापरण्यासाठी मुंबईच्या आयआयटीत खास केंद्र मंजूर केलंय. सूर्याची-वाऱ्याची वीज उरते तिथे आणि जड रसायनांसाठी या तांब्याला उद्या मान मिळेलही. पण मावळातली वीज उरलेली नाही बरं का. आपल्या वळवण धरणाचं पाणी डोंगर उतरून 1915 पासून खोपोलीत टाटांची जनित्रं फिरवतंय आणि ती वीज पहिल्यापासून मुंबईला गेलीये.

वीज थेट चाकाला लावायची अक्कल याच घाटानं कधीच दाखवलीये: डेक्कन क्वीन 1930 साली सुरू झाली ती विजेच्या इंजिनावर, आणि पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावतेय. तेव्हा तांब्याचे चाळे जरूर चघळा, पण पुढच्या शनिवारी गाडी घरी ठेवून शिवाजीनगरला लोकल पकडा.