गाडी ओळखीची

मस्कतला मी ९ वर्षं मोटार चालवतो. भंडाऱ्यात उतरलो की मात्र साळ्याच्या मागे, दोन्ही हातांनी सीट धरून बसतो. यंदाच्या ४५ दिवसांच्या रजेत स्वतःची मोटारसायकल घ्यायची, असं ठरवलं. नवी की जुनी, एवढंच उरलं.

शोरूममध्ये कळलं की सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम ५ वर्षांचा काढावा लागतो. मुक्काम दीड महिन्याचा, विमा पाच वर्षांचा. मग उरलेले दिवस गाडी चालवणार कोण? ‘मी आहो ना भाऊजी!’ साळा कळवळून म्हणाला. त्याचा कळवळा पाहिला आणि मी जुनी घ्यायचं ठरवलं.

ती वरठीला मिळाली. टाकीवर ‘हीरो होंडा’. त्या दोघांची फारकत झाली २०११ साली, म्हणजे गाडी त्यांच्या नांदत्या संसारातली. मालकानं मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या ठोकल्या आणि अभिमानानं हॉर्न वाजवला. बोंब ठोकल्यागत आवाज. ‘या हॉर्नाले दहा गावं ओळखतात जी.’

दुसऱ्या दिवशी पवनीला निघालो. जगन्नाथ टेकडी पाहायची होती. १९६९-७० साली तिथल्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला. (पुढे पाहिली. चांगली आहे.) धानाच्या रोवणीचे दिवस. पहेल्याला हॉर्न दिला, तर ओट्यावरचा माणूस उठून घरात गेला. पुढच्या गावात दोन दारं लागली. परदेशी राहणाऱ्या माणसाचा वचक असतो, असं मला तेव्हा वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

अड्याळच्या पुढे गाडी बंद पडली. किक मारली. प्लग काढला, पुसला, फुंकला. पाऊस आला. जाणारा प्रत्येक जण ‘चोक देल्ला का?’ विचारून थांबायच्या आत निघून जाई. चोक दिला होता! चोकशिवाय या जिल्ह्यात कुणाला काही सुचत नाही का? बांधीत पंधरा-वीस बाया परे लावत होत्या. मदत मागावी म्हणून मी लांबलचक हॉर्न दिला.

बांधी रिकामी झाली. सगळ्या पळसांच्या आड.

एक म्हातारी तेवढी राहिली. चिखलातून सावकाश धुऱ्यावर आली, पदराची गाठ सोडली आणि भिजलेल्या दोन नोटा माझ्यापुढे धरल्या.

‘या हप्त्याले एवढेच आहेत बाबू. बाकीचे रोवना झाल्यावर देतो. घरी येऊन बोंबलू नको, सून बाळंतीन आहे.’

मग डोक्यात उजेड पडला. वरठीचा तो सज्जन कर्जाच्या हप्त्यांची वसुली करत होता.

‘आजी, मी तो नव्हे. मी मस्कतला असतो.’

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गाडीला. माझ्यापेक्षा गाडीवर तिचा विश्वास जास्त दिसला.

‘गाडी तं तेच आहे.’

नोटा परत तिच्या मुठीत कोंबायला मला जितका वेळ लागला, तितका प्लगलाही लागला नव्हता. शेवटी तिनं गाठ बांधली, पळसांकडे तोंड करून हाक दिली आणि चार बायांनी मागून धक्का दिला. गाडी सुरू झाली. आनंदाच्या भरात माझा हात हॉर्नकडे गेला होता. तो मी वाटेतच थांबवला.

‘तिकडं मस्कतले,’ आजी मागून ओरडली, ‘वसुलीले किती गावं आहेत तुह्याकडे?’