घाटाखालची सुट्टी

डिसेंबर उजाडला की बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या मित्रमंडळींना दोन गोष्टी सुचतात: कानटोपी काढणं आणि समुद्रावर जाणं. दोन्ही एकदमच अमलात येतात. त्यामुळे गोव्यात मोरजीच्या वाळूत कानटोपीवाला इसम दिसला, तर तो कुठला हे विचारावं लागत नाही. तिथले रशियन पाहुणे बर्फातून येऊन उघड्या अंगानं लोळतात. आम्ही अडीच हजार फुटांवरून उतरतो ते स्वेटर घालून.

यंदा निमित्त झालं मेक्सिकोचं. एका मित्राचा मुलगा टेक्सासात असतो. नोव्हेंबरअखेरच्या सुट्टीत त्यानं कान्कूनच्या किनाऱ्यावरचे फोटो धाडले. निळंशार पाणी, झावळ्यांची छत्री, हातात उंच ग्लास. पन्नासेक वर्षांपूर्वी हे कान्कून म्हणजे जवळजवळ निर्मनुष्य वाळू होती; मेक्सिकोच्या सरकारनं नकाशावर आखून तिथं पर्यटननगरी वसवली. मित्रानं फोटो सगळ्यांना दाखवला आणि म्हणाला, "समुद्र तो समुद्रच की गा! घाट उतरला की झालं."

पण कोणता घाट? बेळगावकर म्हणाले चोर्ला: जांबोटी, कणकुंबी, केरी, साखळी. निपाणीकर म्हणाले आंबोली: गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडी. १ नोव्हेंबर १९५६ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून नकाशा समोर ठेवून वाद घालणं आमच्या अंगवळणी पडलंय. सीमावादावरचा १९६७चा महाजन अहवाल ज्यांनी मानला नाही, ते मोबाइलमधल्या बाईचा निवाडा काय मानणार? शेवटी जाताना आंबोली आणि येताना चोर्ला असं ठरलं. आमच्या भागातला एखादा वाद एका चहात मिटल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आंबोलीला चहा घेताना आमच्यातले निवृत्त मास्तर जागे झाले. १९५५च्या नोव्हेंबरात याच जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र सुरू केलं. आणि १९ डिसेंबर १९६१ला पणजीवरून विमान फिरवून, वरून कर्ण्यातून 'गोवा मुक्त झाला' हे त्यांनीच जाहीर केलं. मास्तरांचा आवाज भरून आला. बाकीचे तेवढ्यात मोबाइलला रेंज शोधत होते. 'आंबोलीपर्यंत आलो' हे घरी जाहीर करायचं होतं.

किनाऱ्यावर पोचल्यावर खरी अडचण सुरू झाली. निवांत बसायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्यातला भाजीचा व्यापारी खुर्चीवर टेकला, समोर आलेल्या सॅलडमधला कोबी उचलून त्यानं उजेडात धरला आणि म्हणाला, "ह्यो आपलाच." गोव्याच्या ताटातली भाजी बरीचशी बेळगावहूनच उतरते, तेव्हा त्याचं म्हणणं खरं असणार. पण नंतर त्याला तो खाता येईना. सकाळचा ठोक भाव आणि शॅकमधल्या त्या बशीचा भाव यांतली तफावत त्याच्या घशात अडकली.

मोरजीत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. वनखात्याची माणसं त्या जागेला कुंपण घालून राखण करतात. मादी रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारते आणि मागं वळूनही न बघता पाण्यात जाते. पुढं दीडदोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण समुद्राकडं धावतात. हे ऐकून आमचे एक सद्गृहस्थ विचारात पडले आणि गॅस बंद केलाय का, हे विचारायला त्यांनी घरी पुन्हा फोन लावला.

संध्याकाळी मेनूकार्डात मेक्सिकोचं अख्खं पान निघालं. नाचोज मागवले. निपाणीच्या तंबाखूवाल्या मित्रानं एक तोडून पाहिला. "मक्याचा पापड आहे की!" मग त्यानं पिशवीतून संकेश्वरी मिरचीच्या चटणीची डबी काढली आणि सढळ हातानं पेरली. मास्तर पुन्हा जागे झाले. मका मूळचा मेक्सिकोचा. मिरचीही तिथंच हजारो वर्षांपूर्वी माणसाळली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजातून या किनाऱ्याला लागली. तंबाखूही अमेरिका खंडातलीच; असदबेगानं अकबराला ती नेऊन दाखवली, ती विजापूरहून. म्हणजे निपाणीचं दुकान आणि संकेश्वरचा बाजार दोन्ही पलीकडच्या समुद्राच्या देण्यावर उभे! तंबाखूवाला शांतपणे म्हणाला, "मग तिकडं जायचं कशाला? त्यांनीच यायचं."

दुसऱ्या दिवशी शहाळ्यांचा भाव करायचा होता. इथं पंचाईत अशी, की मराठी सगळ्यांना कळते आणि हिंदी तर कळतेच. गुपित बोलायचं कशात? तेव्हा आमच्यातला, मराठीच्या प्रत्येक मोर्चात पुढं असणारा गडी हळूच कन्नडमध्ये कुजबुजला, "भाळ आतु." फारच होतंय. शहाळेवाल्याचा कोयता हवेत थांबला. चेहरा उजळला. "याव ऊर्री निम्द?" गाव कोणतं तुमचं? तो सौंदत्तीचा निघाला. त्यानं भाव उतरवला, वर एक शहाळं फुकट दिलं आणि पाऊसपाण्याची चौकशी केली. आमचा मोर्चेकरी त्याच्याशी तासभर कन्नडमध्ये गप्पा मारत बसला. त्या सुट्टीत खऱ्या अर्थानं निवांत बसलेला पहिला माणूस तोच.

मला वाटतं, सीमाभागातल्या माणसाला समुद्र लागतो तो पाण्यासाठी नाही. वर घाटावर आम्ही म्हणजे एक प्रश्न असतो. सभेत मांडलेला, कोर्टात पडून असलेला, पाटीवर कोणत्या लिपीत लिहायचा यावर अडलेला. तुम्ही नक्की कुठले, याचं उत्तर आम्हाला सदैव तोंडपाठ ठेवावं लागतं. खाली उतरलं की आम्ही नुसते गिऱ्हाईक. तिथं दिवसभरात विचारला जाणारा प्रश्न एकच: "आणखी काही आणू?"

आणि त्यावर आमच्यात आजवर कधीही मतभेद झालेला नाही.